क्लेमच्या भिंतीवरची जागा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, मला राग येत नाही. पण कुणी मला 'शोभेची वस्तू' म्हटलं, की माझं डोकंच फिरतं. का, ते सांगते.

माझा जन्म बेचाळीस वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. माझं इंजिन जरा निराळं आहे. त्याचे दोन सिलिंडर दोन बाजूंना बाहेर आलेले आहेत. कंबरेवर दोन्ही हात ठेवून दारात भांडायला उभी राहिलेली बाई असते ना, समोरून पाहिलं तर मी अगदी तशी दिसते. सुरुवातीला मला याची लाज वाटायची. पुढे याच सिलिंडरांनी माझी लाज राखली, ते ओघाने येईलच.

जहाजातून मी ऑस्ट्रेलियात आले आणि मूंटा गावच्या मर्व्ह ट्रेझाइझच्या घरी नांदू लागले. मर्व्ह शाळेची बस चालवायचा. त्याची बायको ग्लेनिस पोस्टात होती. वर्षभर तो मुलांचा कलकलाट ऐकायचा, ती लोकांच्या तक्रारी ऐकायची, आणि सुट्टी लागली की दोघं माझ्यावर बसून निघायची. मी त्यांना कुठे कुठे नेलं म्हणून सांगू! दिवसभर एकही वळण येत नाही असे रस्ते मी पाहिले. चाक बुडेल अशा लाल धुळीतून गेले. समोरून दुसरी मोटारसायकल आली की मर्व्ह हँडलवरून एक बोट उचलायचा आणि समोरचाही उचलायचा. ओळख ना पाळख, पण दिवस चांगला जायचा.

निघायच्या दिवशी ग्लेनिस पहाटे उठून पेस्टी करायची. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरून भट्टीत भाजलेली मोठी करंजी. खाणीत काम करायला मूंटात आलेल्या लोकांनी ती आपल्या मुलखातून आणली. खाणी कधीच बंद पडल्या, पेस्टी चालूच आहे. तर ग्लेनिस दोन पेस्ट्या चंदेरी कागदात गुंडाळायची आणि माझ्या दोन्ही सिलिंडरांवर तारेने बांधायची. मर्व्हची उजवीकडे, तिची डावीकडे. तिच्या पेस्टीत सलगम जास्त, म्हणून अदलाबदल चालायची नाही. दुपारी झाडाखाली थांबलो की दोघांना वाफाळतं जेवण मिळायचं. मित्रांनो, पळवणारी गाडी सगळ्यांकडे असते. जेवण वाढणारी किती जणांकडे असते?

मग ग्लेनिसचा गुडघा गेला. डॉक्टरांनी नवा बसवला, पण तिने धास्ती घेतली. मर्व्हचंही कंबरडं धरलं. मला शेडमध्ये लावून त्यांनी माझ्यावर जुनी चादर टाकली. एक वर्ष गेलं, दोन गेली, अकरा गेली. गवत कापायचं यंत्र माझ्या अंगावर रेलून झोपायचं. माझ्या हवेच्या गाळणीत उंदरांनी संसार थाटला. मला उंदरांचा राग नाही, निदान त्यांना माझा काही उपयोग तरी होता.

एके दिवशी चादर उडाली आणि समोर क्लेम हॉकिंग उभा. क्लेम म्हणजे आमच्या गावातल्या पबचा मालक. मनाने चांगला माणूस, पण कुठलीही जुनी वस्तू दिसली की त्याला तिच्यात खिळा ठोकावासा वाटतो.

"मर्व्ह, ही दे मला," तो म्हणाला. "पबच्या मोठ्या भिंतीवर टांगतो. खाली पितळी पाटी लावतो. काय शोभेल रे!"

"अरे, ती चालते अजून," मर्व्ह म्हणाला.

"कुठे चालते? तुझ्या स्वप्नात?" ग्लेनिस दारातून म्हणाली. "ने रे क्लेम. निदान शेडमध्ये पाय ठेवायला जागा होईल."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेल तर आधीच गळत होतं. पण मर्व्हचा चेहरा असा पडला, की ग्लेनिसलाही ते बघवलं नाही. ती आत आली, बोटाने माझ्या सीटवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "बरं, ऐक. कर दुरुस्त हिला. मग आपण दोघं हॉकरला जाऊन येऊ, हिच्यावरून पहिल्यांदा गेलो होतो तसं. नीट गेलो-आलो तर ही राहील. पण वाटेत एकदा जरी केरेन्साला पिकअप घेऊन बोलवावं लागलं, तर ही क्लेमच्या भिंतीवर."

"कबूल," मर्व्ह म्हणाला.

"मी खिळा आणून ठेवतो," क्लेम म्हणाला.

हॉकर आमच्या गावापासून तीनशे किलोमीटर आहे. माझं सगळं आयुष्य त्या तीनशे किलोमीटरांवर येऊन ठेपलं.

त्यानंतरचे पाच महिने मात्र मजेचे गेले. मर्व्ह रोज नाश्ता करून शेडमध्ये यायचा आणि मला उलगडत बसायचा. त्याने कार्ब्युरेटर उघडून धुतले, कडक झालेले रबरी पडदे बदलले. गळती थांबली. मागे नवे शॉक-अॅब्सॉर्बर आले, पुढच्या ब्रेकला नवी पोलादी नळी आली. ग्लेनिसचा गुडघा फार मुडपू नये म्हणून पाय ठेवायची जागा त्याने खाली घेतली. सीटही खास तिच्यासाठी रुंद करून घेतली. ती एकदा गुपचूप येऊन त्या सीटवर बसून गेली. हे मर्व्हला ठाऊक नाही.

केरेन्सा म्हणजे त्यांची मुलगी. शेजारच्या कदीना गावात तिचं स्वतःचं दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं. त्या कामात तिचा हात धरणारा आसपास कुणी नाही. ती एका रविवारी आली आणि माझ्या वायरी पाहून तिने कपाळाला हात लावला.

"डॅड, हे मला करू दे."

"नको. तुझी आई म्हणेल, मी तुझ्या जिवावर जिंकलो. आणि मी पस्तीस वर्षं बस चालवली आहे, म्हटलं."

"चालवलीस. वायरिंग केलं नाहीस."

"तू चहा पी," मर्व्ह म्हणाला.

मित्रांनो, इथेच घोटाळा झाला. मर्व्हची बोटं थंडीत आखडतात, म्हणून त्याने हँडलच्या मुठी गरम करणारी तार बसवली. ते ठीक. कांगारू लांबून दिसावेत म्हणून दोन जादा दिवे लावले. तेही एक वेळ ठीक. मग फोन चार्ज करायची सोय केली. आणि शेवटी, ग्लेनिसला खूश करायचं म्हणून, त्याने माझ्या मागच्या चाकाशी डावीकडे लावलेल्या सामानाच्या पेटाऱ्यात पेस्टी गरम करायची विजेची पेटी बसवली! आमच्याकडचे सुतार-गवंडी आपल्या गाड्यांत ठेवतात तसली. वीज तयार करणारा माझा जनरेटर मात्र जन्माचा तोच. घरात खाणारी तोंडं चार वाढली आणि चूल तेवढीच राहिली.

खरं सांगू? चुलीपेक्षा दुसरीच गोष्ट माझ्या मनाला लागली. पेस्टी गरम करायला पेटी! मग मी इतकी वर्षं काय करत होते? पण मला विचारतो कोण!

ऑगस्टमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, एका गार सकाळी आम्ही निघालो. अकरा वर्षांनी पाठीवर दोघांचं ओझं आलं आणि मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. ग्लेनिसच्या गुडघ्याला धक्के बसू नयेत म्हणून मर्व्ह अगदी सावकाश चालवत होता. दिवे चालू, मुठी चालू, पेटी चालू. मी हळू धावले की वीजही थोडीच तयार होते, हे तो विसरला. त्यात क्वोर्न गावात ग्लेनिसचे पाय मोकळे करायला अर्धा तास थांबलो, तर त्याने इंजिन बंद केलं आणि पेटी तशीच चालू ठेवली. का, तर पेस्ट्या निवायला नकोत!

निघताना मी कण्हत कण्हत सुरू झाले. वीसेक किलोमीटरवर एका लहानशा चढाच्या माथ्यावर ग्लेनिस म्हणाली, "थांब रे जरा, पाय आखडला." मर्व्हने मला बंद केलं. ती चार पावलं चालून आली. त्याने बटण दाबलं. माझ्या पोटातून नुसतं 'टक्' झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा 'टक्'. बॅटरी पार उतरली होती.

आजूबाजूला पिवळं गवत, लांब डोंगर आणि एक पडकं दगडी घर. दुसरं चिटपाखरू नाही. मर्व्ह उतरला, हेल्मेट काढून हातात धरून उभा राहिला. मला क्लेमचा खिळा दिसायला लागला.

"हरलो मी, ग्लेन," तो म्हणाला. "केरेन्साला फोन लाव."

"आधी पेस्टी दे. भूक लागली आहे."

त्याने पेटी उघडली. बॅटरीतच जीव नाही, तर पेटीत कुठून येणार? पेस्ट्या गार दगड झाल्या होत्या. तो पेटीकडे बघत राहिला, मग पेटीच्या वायरीकडे, मग त्या दोन दिव्यांकडे. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, तो त्याच्या कानांवर दिसला. कान लाल झाले होते.

"मीच मारलं हिला," तो म्हणाला. "हिचा काही दोष नाही. मीच गाढव."

 ग्लेनिसने दोन्ही पेस्ट्या घेतल्या आणि सरळ माझ्या सिलिंडरांवर ठेवल्या. माझं अंग अजून चांगलं तापलेलं होतं. त्याची उजवीकडे, तिची डावीकडे. मग ती माझ्या सीटला टेकून उभी राहिली. मित्रांनो, मला रडता येत असतं, तर मी तिथे रडले असते.

"फोन लाव ना," मर्व्ह पुन्हा म्हणाला. "ठरलंय आपलं."

ग्लेनिसने खिशातून फोन काढला, डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "इथे रेंज नाही."

तेवढ्यात एक कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, येऊन थांबली. आमच्याकडे रस्त्यात कुणी उभं दिसलं की थांबतातच. आतल्या म्हाताऱ्याने काच खाली केली. "बंद पडली का हो?"

"छे!" ग्लेनिस म्हणाली. "जेवायला थांबलोय."

कॅरव्हॅन गेली. दोघांनी पेस्ट्या खाल्ल्या. फार गरम नव्हत्या, कडेला कोमट आणि मधे जरा गारच होत्या. पण ग्लेनिस शेवटचा तुकडा संपवून म्हणाली, "ही पेटी आणायची अक्कल तुला कुणी दिली रे?"

"तुझ्यासाठीच आणली."

"माझ्यासाठी ही आहे की," ती म्हणाली आणि माझ्या सिलिंडरवर तिने हलकेच थाप मारली.

पेटीची वायर मर्व्हने जेवणाआधीच उपटली होती, आता दिवे आणि मुठीही बंद केल्या. तेवढ्या विसाव्याने बॅटरीत किंचित धुगधुगी आली होती. आता पुढे उतार होता. तो बसला, ग्लेनिसने मागून हात लावला.

"तुझा गुडघा!" तो ओरडला.

"गुडघा नवा आहे, तुझ्या डोक्यासारखा जुना नाही. सोड ब्रेक!"

चाकं फिरली. उतार मिळाला. मर्व्हने क्लच सोडला, मी एक आचका दिला, दुसरा दिला. होता नव्हता तेवढा सगळा जीव एकवटला आणि धडधडून सुरू झाले! ग्लेनिस उतारावरून लंगडत, हसत, हात हलवत खाली आली. तिला बघून मर्व्ह लहान मुलासारखा हसत होता. त्या दुपारी माझ्याइतकं सुखी पृथ्वीवर कुणी नसेल.

"आता सावकाश नको," मागे बसत ती म्हणाली. "पळव हिला."

हॉकर येईपर्यंत माझी बॅटरी भरली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही मूंटाला परत आलो. दारात केरेन्सा आणि क्लेम, दोघंही वाट बघत उभे होते. केरेन्साने पेटीची लोंबती वायर पाहिली आणि भुवया उंचावल्या.

"वाटेत काही झालं का?"

"जेवलो," ग्लेनिस म्हणाली. "तुला बोलावलं का पिकअप घेऊन? नाही ना? मग झालं."

केरेन्सा आईकडे बघत राहिली, मग खाली बघून हसली. मर्व्हने मुकाट्याने आपला स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिने पुढच्या आठवड्यात मला मोठा जनरेटर बसवला, कमी वीज खाणारे दिवे लावले आणि सगळ्या वायरी नव्याने ओढल्या. आता मुठीही गरम होतात, फोनही भरतो आणि माझी दमछाक होत नाही.

क्लेमची मात्र पंचाईत झाली. भिंतीत खिळा ठोकून बसला होता बिचारा. म्हणून मर्व्हने त्याला पेस्टीची पेटी दिली. आज ती पबच्या मोठ्या भिंतीवर लटकते आहे, खाली पितळी पाटी आहे, आणि लोक तिच्याकडे बघून हसतात. तिचीही थोडी कीव येते मला. पण थोडीच.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला खुशाल नवे भाग बसवा. आम्हाला नवं आवडतं हो! फक्त ती आजवर तुमच्यासाठी काय काय करत आली, ते आधी आठवा. आणि तिच्यावर चादर टाकू नका. उंदीर वाईट नसतात, पण ते कुठे घेऊन जात नाहीत.

आणि हो, एक गोष्ट आपल्यातच राहू द्या. त्या दिवशी ग्लेनिस माझ्या सीटला टेकून 'रेंज नाही' म्हणाली ना, तेव्हा तो फोन तिच्या हातात थरथरला होता. सीटमधून मला कळलं. मर्व्हला हल्ली कमी ऐकू येतं. केरेन्साने विचारलं होतं, 'सगळं ठीक ना? येऊ का?' आणि तो पेस्टीचा कागद सोडवत असताना ग्लेनिसने अंगठ्याने हळूच उत्तर लिहिलं होतं, 'नको. आम्ही मजेत आहोत.'