मधला पत्रा

तपासनीस येणार असले की सासऱ्यांच्या अंगात कुठून बळ संचारायचं कोण जाणे. एरवी पाणीसुद्धा हातात मागणारा माणूस त्या दिवशी उजाडायच्या आत सशांच्या शेडमध्ये हजर! कारणही तसंच होतं. प्रत्येक पिंजऱ्यात मधोमध एक पत्रा सरकवून त्यांनी दोन मजले केले होते. खाली मादी, वर दूध सुटलेली पिल्लं. पत्रा इतका खाली, की मादीला कान ताठ करायची सोय नाही.

तपासणीच्या दिवशी सगळे पत्रे निघायचे आणि गवताच्या ढिगामागे जायचे. पिल्लं खोक्यांत भरून घरामागच्या टेम्पोत. साहेब टेप लावून पिंजऱ्यांची उंची मोजायचे, खूश होऊन जायचे. ते वळणावर दिसेनासे झाले, की पत्रे पुन्हा आत. हे काम धाकट्या सुनेचं. तिचे हात बारीक म्हणून तिच्या गळ्यात पडलेलं, ते तिथेच राहिलं.

या खेपेला साहेब टेप गुंडाळत असताना त्यांच्या पाठीमागे काळकानी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. एक कान काळा म्हणून धाकटीनेच तिला हे नाव दिलेलं. दोन्ही कान सरळ वर करून तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणी हटकत नाही म्हणताना उड्या मारत पिंजऱ्याच्या टोकाला गेली, तिथून परत आली, पुन्हा उभी राहिली. धाकटीला भरून आलं, आणि मग तिचं डोकंच फिरलं.

साहेब गेले. "चला सूनबाई, पत्रे घाला," सासरे म्हणाले. "पिल्लं उकडून निघाली असतील तिकडे."

"नाही घालणार."

"काय म्हणालात?"

"साहेबांनी आत्ता विचारलं, सशाला उभं राहता येतं का? तुम्हीच हो म्हणालात, बाबा."

"अहो, ते कागदापुरतं!"

"ससे काय कागदावर राहतात?"

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. धाकटीच्या नवऱ्याला घरात भांडण नको असायचं. "कशाला ताणतेस गं?" तो पुटपुटला.

"मग तू घाल."

त्याने मुकाट्याने पत्रा उचलला आणि काळकानीच्या पिंजऱ्यात सारला. अर्ध्यावर अडला. काळकानी उभीच होती.

"तिचं डोकं दाबल्याशिवाय नाही बसत तो," धाकटी म्हणाली. "आपलं रोजचं जेवण या दाबण्यावरच चालतं. दाब ना."

नवऱ्याने पत्रा बाहेर ओढला आणि भिंतीला टेकवला.

"बाईलवेडा!" सासरे कडाडले. "आणि पिल्लं कुठे ठेवणार? डोक्यावर?"

धाकटी उत्तर द्यायला थांबलीच नाही. टेम्पोतलं पहिलं खोकं तिने कमरेवर घेतलं आणि थेट घरात शिरली. बैठकीच्या खोलीत! जिथे पाहुण्यांखेरीज कुणी बसायचं नाही, जिथली फरशी सासरे स्वतः पुसायचे, त्या खोलीत. सोफा तिने भिंतीला लोटला, कोरडं गवत पसरलं, पाण्याचं भांडं ठेवलं आणि खोकं उघडलं. पिल्लं आधी बिचकली, मग चौफेर उधळली. मागून नवरा दुसरं खोकं घेऊन आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिसरं, चौथं.

सासरे दारात येऊन थिजले. "अहो, ही माणसांच्या बसण्याची जागा आहे!"

"शेडमध्ये नवे पिंजरे बांधा, उचलून नेते."

"मी आत्ता जाऊन पत्रे घालतो सगळे!"

"घाला की. वर ठेवायला पिल्लं कुठून आणाल?"

एक पिल्लू सोफ्यावर चढून कापड कुरतडू लागलं होतं. ते बघून सासऱ्यांचा तोल गेला. "लोक काय म्हणतील? घरी कुणी आलं तर बसवायचं कुठे? नाक कापायला निघालात माझं, भर घरात..."

"हळू बोला, बाबा," धाकटी म्हणाली. "पिल्लं घाबरतात." आणि तिने दार लोटून आतून कडी घातली.