हस्तिदंतावरचे वण

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या अँब्रोस पिडक चित्रकाराकडे लेडी ऑनोरिया शेवटच्या बैठकीला आली, तेव्हा चित्र जवळजवळ पुरं झालं होतं. कोंबडीच्या अंड्याएवढी हस्तिदंताची पातळ चकती, तिच्यावर निळा झगा, पावडर लावलेले केस आणि लोण्यासारखे गाल. ऑनोरियाने चकती हातात घेतली आणि समोरच्या आरशात पाहिलं. आरशातल्या गालांवर देवीचे वण होते, पार कपाळापर्यंत.

हे चित्र उत्तरेला लॉर्ड विदरिजकडे जायचं होतं. त्याने तिला पाहिलं होतं ते देवी येण्याआधी. आता लग्नाचं बोलणं निघालं होतं, आणि चित्र पाहून तो शब्द देणार होता.

"वण कुठे गेले, मिस्टर पिडक?"

पिडक ओशाळून हसला. "बाईसाहेब, हस्तिदंतावर आजवर कुणालाच देवी आल्या नाहीत. साऱ्या बाथमध्ये विचारा."

ती हसली नाही. वण रंगवून द्या, म्हणाली. त्याने नकारार्थी मान हलवली. तिच्या वडिलांनी, अर्लसाहेबांनी, गाल साफ हवेत म्हणून पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग तिने साळसूदपणे विचारलं, या कामात चूक झाली तर काय करता? धंद्याची गोष्ट निघताच पिडक खुलला. ओल्या कुंचल्याचं टोक टेकवायचं, रंग उचलला जातो, खालचा पांढरा हस्तिदंत उघडा पडतो. एका टाकाऊ चकतीवर त्याने करूनही दाखवलं. तेवढ्यात खाली बग्गी थांबली आणि तो अर्लसाहेबांना आणायला गेला.

ऑनोरियाने कुंचला भिजवला, ओठांनी टोक केलं. आरशात एकेक वण बघायचा आणि चित्रातल्या गालावरून तिथला रंगाचा ठिपका उचलायचा. पहिला जरा मोठाच पडला. पुढचे तिने श्वास रोखून उचलले, आणि जिन्यावर वडिलांची काठी वाजली तरी थांबली नाही.

अर्लसाहेबांनी भिंगातून चित्र पाहिलं. पिडकचा चेहरा उतरला. हे माझं काम, असं तिने आपणहून सांगितलं.

"पुन्हा रंगवा," ते म्हणाले.

"रंगवा, पण लग्नाच्या दिवशी तो माझं तोंड बघणारच आहे, पपा. शब्द दिलेला असेल, म्हणून गिळेल. मग रोज न्याहारीला त्याचं ते गिळणं मी बघत बसू?"

"आणि आत्ताच नको म्हणाला तर?"

"तर मी घरीच राहीन, तुमच्या पत्त्यांना चौथा भिडू मिळेल."

सगळ्यांचीच चित्रं खोट झाकून काढतात, तुझ्या आईचंसुद्धा, असं म्हणत त्यांनी तपकिरीची डबी काढली. झाकणावर आईचं चित्र होतं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"आईच्या हनुवटीवर वण होता," ऑनोरिया म्हणाली. "कुठल्या बाजूला, सांगा."

झाकणावरची हनुवटी गुळगुळीत होती. अर्लसाहेबांनी डबी उजेडात धरली, मग भिंग लावलं.

"डाव्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. थांब."

ती थांबली. मदत मात्र केली नाही.

शेवटी तपकीर न ओढताच त्यांनी डबी खिशात टाकली आणि चकती पिडकपुढे सरकवली.

"आहे तसंच राहू द्या. काच बसवा."

दाराशी जाऊन ते थबकले. "कुठल्या बाजूला होता?"

"उजव्या. घोड्यावरून पडली होती."

"हो. घोडा मीच दिला होता," ते म्हणाले. मग टपाल संध्याकाळी निघतं, उशीर करू नका, असं पिडकला बजावून जिना उतरू लागले.