जाड ऑइल आणि घाटातला टँकर

मी एक जुना टायमिंग गिअर आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल. मी गाडीच्या इंजिनात, कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्याच्या टोकाला बसतो. इंजिनाला हवा घेण्यासाठी व्हॉल्व्ह असतात, ते हा दांडा उघडतो. ते लवकर उघडायचे की उशिरा, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि ऑइलच्या दाबावर किंचित फिरून मी ते करून दाखवतो. कारखान्यात मला फार बारकाईने घडवलं होतं. त्याचा ताठा अजून गेलेला नाही.

गॅरेजमध्ये आमच्या शेजारी दोन गाड्या येत. एकीच्या कॅमशाफ्टवर व्हॉल्व्ह ढकलणारे दोन मापांचे उंचवटे होते. वेग वाढला की उंच उंचवटा कामाला लागे आणि व्हॉल्व्ह जास्त उघडत. मला ते जमत नाही, मी फक्त वेळ बदलतो. पण तिचं काम दोनच पायऱ्यांचं, माझं हवं तेवढं सरकणारं. दुसऱ्या गाडीतला गिअर विजेच्या मोटरवर फिरे. त्याला ऑइलची वाट पाहावी लागत नसे. मी त्याला लाडोबा म्हणायचो, पण खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

गॅरेज दोघा भावंडांचं. धाकटी बहीण आमच्या गाडीतून रोज मुलांना घाटावरच्या शाळेत नेई. तिचा दादा मिस्त्री. गाडी सुरू करताना मी हल्ली खडखड करू लागलो होतो. एका शनिवारी दादा म्हणाला, "इंजिन म्हातारं झालंय. जाड ऑइल घालतो, आवाज बंद होईल."

"ऑइलच्या झाकणावर तर पातळ घाला असं लिहिलंय."

"ते नव्या इंजिनासाठी गं. मला शिकवू नकोस."

रविवारी सकाळी दोघं ट्रायलला निघाली. हवा गार होती आणि घाट गॅरेजपासून लगेच सुरू होतो. पुढे एक टँकर रखडत चालला होता. रस्ता मोकळा दिसला, तशी धाकटीने त्याला ओलांडायला गाडी बाजूला काढली. मला हुकूम आला, व्हॉल्व्ह लवकर उघड. पण ते जाड, गार ऑइल माझ्या बारीक वाटांतून पुढे सरकेना. मी जागचा हललो नाही. इतक्यात वरच्या वळणावरून ट्रक आला.

"दादा, गाडी ओढत नाहीये."

"दाब, अजून दाब."

"पूर्ण दाबलंय."

मला रडू येत होतं. तिने ब्रेक मारला आणि गाडी कशीबशी टँकरच्या मागे घेतली. ट्रक आरसा घासून गेला. त्यानंतर ऑइल माझ्यापर्यंत पोचलं. वरातीमागून घोडं!

तिने गाडी कडेला लावली. 

"दादा, उद्या मागे पोरं असतील."

गॅरेजमध्ये परतताच दादाने सगळं ऑइल काढलं, ऑइल गाळणारी माझी जाळी धुतली आणि झाकणावर लिहिलेलं ऑइल घातलं. गाडी थंड झाल्यावर तो म्हणाला, "चल, बघ चालवून."

"तू चालव," ती म्हणाली. "मी मागे बसते. पोरं बसतात तिथे."

तो घाट दादाने आरशात तिच्याकडे बघत बघत चढवला. पहिल्याच हुकमाला मी फिरलो. खडखड मात्र अजून करतो, आणि आता त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्यांवर माया करा, पण त्यांना काय मानवतं ते आधी बघा. माझ्यापुरतं ते झाकणावरच लिहिलेलं आहे.