दहा अँपियरचं भोक

"कुसुमताई, फक्त सह्या करायच्यात. तपासायचं काही नाही," असं म्हणून विश्वजीत माझ्या टेबलावर पाचशे कार्डांचा गठ्ठा ठेवून गेला.

पर्वतीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मल्टिमीटरचा, म्हणजे वीज मोजायच्या मीटरचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं ते आपलं सवयीने. चौदा वर्षांपूर्वी मी लागले तेव्हा इथे बावीस बायका सोल्डरिंगला बसायच्या. आता तयार मीटर परदेशातून खोकी भरून येतात. मालनबाई त्यांवर आमच्या नावाचं लेबल चिकटवतात, श्रद्धा पॅकिंग करते आणि मी तपासणीच्या कार्डावर सही करते. शेजारचे निम्मे गाळे कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी घेतले. जुने मालक जयसिंगराव थकून घरी बसले आणि त्यांचा मुलगा विश्वजीत खुर्चीत आला. थकले तर मीही आहे, पण मला घरी बसायची सोय नाही.

मीटर कसा चालतो, हे मी नव्या मुलींना बादलीवरून शिकवायचे. आत एक कपॅसिटर असतो. जे व्होल्टेज मोजायचं ते त्यात ठरावीक वेळ भरू द्यायचं. मग आपल्याला माहीत असलेल्या वेगाने तो उपसायचा आणि उपसायला किती वेळ लागला ते मोजायचं. नळाला जोर जास्त असेल तर तेवढ्याच वेळात बादली जास्त भरते, उपसायलाही जास्त वेळ लागतो. तो वेळच आकडा होऊन समोर दिसतो. सेकंदाला दोन-तीनदा हे भरणं-उपसणं चालू असतं. ओहम असो की अँपियर, आधी त्याचं व्होल्टेज करून घ्यावं लागतं, कारण त्या बिचाऱ्याला दुसरं काही मोजताच येत नाही.

व्होल्टेज मोजताना मीटर विजेला जेमतेम स्पर्श करतो. करंट मोजायचा तर मात्र तो सगळाच्या सगळा मीटरमधून जाऊ द्यावा लागतो. म्हणून लाल वायर वेगळ्या भोकात घालायची, दहा अँपियरच्या. तिथून आत मोकळं रान, वाटेत राखणीला फक्त एक फ्यूज. आणि माणूस विसरतो. वायर त्याच भोकात राहते आणि तो खुशाल दोन्ही टोकं भिंतीतल्या प्लगमध्ये घालतो. म्हणजे हातातच शॉर्ट सर्किट. म्हणून आमच्याकडे नियम होता, की वायर परत व्होल्टच्या भोकात घातल्याशिवाय मीटर खाली ठेवायचा नाही. विसरेल त्याने सगळ्यांना चहा करायचा. पहिल्या वर्षी मी इतका चहा केला की टपरी टाकली असती तर बरं झालं असतं. आमचा जुना टेस्टर संपतसुद्धा एकदा विसरला. आत 'टिक' असा आवाज झाला. फ्यूज उडाला, संपत वाचला.

विश्वजीतने नको म्हटलं तरी मी दहा मीटर तपासले. आकडे चोख होते, आमच्या जुन्या मीटरपेक्षाही चोख, आणि त्याचा मला रागच आला. मग एकाचं मागचं झाकण उघडलं. दहा अँपियरच्या भोकापासून एक जाड तार सरळ आत गेली होती. फ्यूज नव्हता. दहाही उघडून पाहिले, एकातही नव्हता.

मी केबिनमध्ये गेले. "यात फ्यूज नाही."

"समोर लिहिलंय की. अनफ्यूज्ड. क्लिअर लिहिलंय."

"कुठे चाललेत हे?"

"खडकवासला रोडला एक ट्रेनिंग सेंटर आहे. इलेक्ट्रिशियनचा कोर्स."

"म्हणजे मीटर पहिल्यांदाच हातात धरणारी पोरं. ती वायर विसरणारच."

"ताई, त्या फ्यूजची कॉस्ट कोण देणार? आणि आपल्या कार्डावर काय लिहिलंय? रीडिंग बरोबर आहे, एवढंच. आहे ना बरोबर?"

होतं. चौदा वर्षं मी त्याच एका ओळीखाली सही करत आले होते.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि मोबाइलवर बोलू लागला.

इतक्या सहज सुटका झाली म्हणून मला बरं वाटलं. डबासुद्धा पोटभर खाल्ला. हात धुऊन परत आले, तर श्रद्धा माझ्या टेबलापाशी वाकून सह्या करत होती. ही पोरगी वाशीमची. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, वर्षही झालेलं नाही तिला इथे. एकशेवीस कार्डं तिने संपवली होती.

"तुला माहितीये का तू कशावर सही करतेयस?" मी विचारलं.

"माहितीये, ताई. आत नुसती तार आहे." तिने मान वर केली नाही. "झाकण उघडून बघायचं तुम्हीच शिकवलंत ना."

"मग?"

"मी नाही म्हटलं तर ते मालनबाईंना देतील. त्यांना वाचता येत नाही."

मला माझी लाज वाटली. मी हात झटकले आणि घाण तिच्या ओंजळीत गेली, आणि मी वर पोटभर जेवले होते.

तिच्या सहीची एकशेवीस कार्डं मी फाडली. कोरी कार्डं घेतली आणि संध्याकाळपर्यंत बसून पाचशे कार्डांवर हाताने लिहिलं, 'दहा अँपियरला फ्यूज नाही. जिवाला धोका.' खाली पूर्ण नावाने सही केली. बोटं वळली. गठ्ठा विश्वजीतच्या समोर ठेवला आणि नोकरी गेली असं मनाशी धरून उभी राहिले.

त्याने वरचं कार्ड वाचलं आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"भरा तशीच खोक्यात. कार्ड कोण वाचतंय, ताई? उघडल्या उघडल्या पहिलं तेच फेकतात."

कुचकेपणाने नाही बोलला तो. खरं तेच बोलला. मी मात्र जागेवर येऊन रडले. चौदा वर्षांत एकानेही मला हे सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विश्वजीत मुंबईला गेला होता. मी कपाटातून अरल्डाइट गोंदाच्या ट्यूबा काढल्या, खोकी उघडायला लावली आणि एकेका मीटरच्या दहा अँपियरच्या भोकात अरल्डाइट भरायला सुरुवात केली.

"ह्ये काय चाललंय?" मालनबाईंनी विचारलं.

"भोक बुजवतेय. आता वायर तिथे जाणारच नाही."

"मग ह्यो मीटर तेवढं कमी मोजंल की."

"कमी मोजेल."

त्यांनी पदर खोचला आणि एकेक मीटर माझ्यापुढे सरकवू लागल्या. श्रद्धाही पुढे आली, पण तिला मी ट्यूबला हात लावू दिला नाही. पाचशे मीटर व्हायला पाच वाजले.

काल टेम्पो गेला. आज ना उद्या तिकडून फोन येईल, विश्वजीत विचारेल आणि मी सांगेन. दुसरीकडे द्यायला एक अर्ज मी श्रद्धाकडून कॉम्प्युटरवर करून घेतलाय. त्यात एक रकाना होता, आजवर कोणतं काम केलंत असा. काय लिहू, तिने विचारलं. मी सांगितलं, "तपासणी लिही. शेवटच्या पाचशेंची."