दासानुदासाचा दगड

सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावर हनुमंतरावांच्या लक्षात आलं की आपण फार नम्र आहोत. ही गोष्ट कुंभकोणमला माहीत नाही, याचं त्यांना वाईट वाटू लागलं.

मराठी मंडळींचं लहानसं विठ्ठलमंदिर त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीत होतं. त्याच्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडे, त्यांनी काळा दगड बसवून घेतला. त्यावर नाव: ‘दासानुदास हनुमंतराव, बी.ई., अधीक्षक अभियंता, निवृत्त’. भक्तांची पायधूळ त्यावर पडावी, एवढीच इच्छा. खोदलेल्या अक्षरांत कोलमचं, म्हणजे दारातल्या रांगोळीचं, पीठ भरतं म्हणून पट्टीश्वरम्‌च्या कारागिराकडून त्यांनी अक्षरं उठावाची करवून घेतली.

पण नावावर पाय कोणी देईना. अक्षर म्हणजे सरस्वती. लोक दगड ओलांडून जात. काही जण तर वाकून नावाला हात लावून तो डोळ्यांना लावत.

पाय देणारी एकच होती, तुळशीच्या माळा आणणारी शिवकामी. तिला मराठी वाचता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी हनुमंतराव तिच्यावर ओरडले, “अगं, बघून चाल! नाव आहे ते!”

“मग खाली कशाला घातलं, सार?” तिनं विचारलं आणि ती आत गेली.

हनुमंतरावांनी भजनमंडळाच्या पांडुरंगरावांना गाठलं. “लोक पाय देत नाहींत. माझी सेवा फुकट जाते.”

“बी.ई.वर पाय कोण देणार हो? पोरांच्या परीक्षा जवळ आल्यात.”

मग दाराशेजारी पाटी लागली. मराठी, तमिळ आणि इंग्रजीत: ‘नम्र विनंती. नावावर पाय ठेवूनच आत जावे. दासानुदास हनुमंतराव, बी.ई.’

पाटीवरचं तमिळ शुद्ध आहे ना, हे वर बघत बघत ते पाटी लागली त्या सकाळी देवळात शिरले. दगड आला तसा सवयीनं पाय उचलला. आपल्या नावावर त्यांनीही कधी पाय दिला नव्हता. उचललेला पाय उंबऱ्याला अडकला आणि घोट्याचं हाड मोडलं.

‘उद्याची काळजी नको, रोजचं रोज विठ्ठल बघतो’ असं ते भजनानंतर सांगत, आणि घरी भिंतीवर पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक चिकटवून ठेवत. आता त्यातली एकही ओळ जमेना. अकरा वर्षांत न चुकलेलं दर्शन चुकलं. शिवकामी मात्र न सांगता रोज देवाची तुळस आणि द्रोणात प्रसाद घेऊन येई.

“उद्या किती वाजता येशील?” ते विचारत.

“माळा झाल्या की.”

“म्हणजे नक्की किती?”

“आज आले ना, सार?”

एकादशीला त्यांना राहवेना. पत्नी विशालाक्षीनं चाकांची खुर्ची मागवली आणि ती ढकलत देवळाच्या दाराशी आणली. पांडुरंगराव फळी घेऊन उभे होते. “दगडावर ही टाकतो.”

“नाव झाकेल,” हनुमंतराव म्हणाले.

“मग मागं फिरवूं काय?” विशालाक्षीनं विचारलं. “नाव बघत बसा इथेंच. विठ्ठलाला सांगतें मी, हे बाहेर नम्र होऊन बसलेत म्हणून.”

आत आरतीची घंटा सुरू झाली. शिवकामीनं टोपली खाली ठेवली, खुर्ची उलटी फिरवली आणि मागच्या मागे ओढली. दा, सा, नु, दा, स. चाकाखालच्या प्रत्येक अक्षराचा धक्का त्यांच्या घोट्याला बसला.

“अय्यो! हळू!”

“अजून किती आहे, सार?”

“बी.ई. राहिलं,” ते कळवळून म्हणाले.

आत तिनं खुर्ची देवासमोर वळवली. बसल्यामुळे त्यांची नजर नेहमीसारखी मुकुटावर न जाता खाली पायांशी गेली. तुळशीच्या ढिगाखाली वीट दिसत होती. त्यांनी ती नीट पाहिली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आरती संपली. त्यांनी पांडुरंगरावांना जवळ बोलावलं. “कारागिराला सांगा. अक्षरं तासून टाकायची.”

“सगळीं?”

हनुमंतरावांनी पुन्हा विटेकडे पाहिलं.

“बी.ई.पासून सुरू करा,” ते म्हणाले. “बाकीचं रोज थोडं थोडं.”