हाताला येईल असं कपाट

संभाव्यराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि जळालेलं गोदाम असो की चेपलेला बंपर, त्यांच्या अहवालात 'संभाव्य धोका' हे शब्द एकदा तरी येतच. कोरड्या फरशीवरूनही ते ओल्या फरशीवरून चालल्यासारखे चालत. ऑफिसातल्या मंडळींनी नाव ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की साहेबांनी स्वतःच्या निरोपाच्या भाषणात त्यांचे आभार मानले तेसुद्धा याच नावानं.

सध्या त्यांच्यासमोर जे उभं होतं ते मात्र संभाव्य नव्हतं, ठरलेलं होतं. येत्या शनिवारी त्यांची चार वर्षांची मुलगी घरी येणार होती आणि ती रात्री राहणार की नाही, याचा निकाल लागणार होता.

मुलीचं लाडकं नाव टिचकी. मुलीची आई दातांची डॉक्टर. तिला 'बायको' म्हणणं आता कागदोपत्री चूक होतं, आणि 'पूर्वीची बायको' म्हटलं की विकून टाकलेल्या स्कूटरबद्दल बोलल्यासारखं वाटे. म्हणून संभाव्यराव 'मुलीची आई' म्हणत. वेगळे झाल्यापासून बाप-लेकीच्या भेटी शनिवारी दुपारी आणि घराबाहेर होत: बागेत, नाहीतर मॉलमध्ये. आता सरकत्या जिन्यावर बाप-लेकीचं नातं असं कितीसं वर चढणार? म्हणून त्यांनी एकदा धीर करून फोनवर विषय काढला.

"एक रात्र राहू दे की तिला माझ्याकडे."

"कुठे? हॉलमधल्या सोफ्यावर?" मुलीची आई म्हणाली. "तिला तिची खोली हवी. तिच्या शाळेत आहे ना, तशी. सगळं तिच्या हाताला येईल असं. तिनं घ्यावं, खेळावं, परत जागेवर ठेवावं. 'काढून दे' असं कुणाला म्हणायची वेळ येता कामा नये."

"करतो."

"आणि राहायचं की नाही ते ती ठरवेल. मी सांगणार नाही. तूही विचारायचं नाहीस. लाडीगोडी नाही, आइस्क्रीम नाही."

"नुसतं विचारायचंही नाही?"

"तू विचारलंस की त्यात 'हो म्हण' आलंच. ओळखते मी तुला."

टिचकीची शाळा मॉन्टेसरी पद्धतीची. तिथे बाई ओरडत नाहीत आणि मुलं रडत नाहीत; निदान शाळेच्या माहितीपत्रात तरी. मूल खेळत नाही, 'काम' करतं. बुटक्या कपाटावरून आपला ट्रे उचलतं, चटई अंथरतं, काम करतं आणि ट्रे होता तिथे नेऊन ठेवतं. संभाव्यरावांनी याविषयी रात्ररात्र वाचन केलं. अशी बुटकी कपाटं विकत मिळतात हेही त्यांना कळलं, आणि त्यांची किंमत पाहून ती बुटक्या माणसांसाठी नसून बड्या माणसांसाठी आहेत हेही कळलं. मग ते शहराबाहेरच्या एका भल्यामोठ्या दुकानात गेले आणि सवलतीतलं, स्वतःच जोडायचं, पुस्तकांचं एक उंच पांढरं कपाट घेऊन आले. डोकं त्यांचं होतं: उंच कपाट मधोमध कापलं की दोन बुटकी.

कापायच्या दिवशी त्यांची थोरली बहीण, आक्का, फळी धरायला आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आक्काला बोलवावं लागत नाही.

"कपाट जोडायला आणलंस की तोडायला?"

"अगं, मुलांच्या उंचीचं करायचंय."

"मूल वाढेल की. कपाट कुठे पळून जातंय?"

"तोवर तिला स्वतःच्या हातानं घेता यायला हवं. मुलांच्या विकासाला ते बरं असतं."

"आपण लहानपणी कपाटाला हात लावला तर बाबा हात मोडायचे."

"म्हणून तर!"

"म्हणून तर काय? आहेत की शाबूत दोन्ही. एका हातानं तुझी फळी धरलीय आत्ता."

करवत अर्ध्यावर आली आणि आवाज बदलला. लाकडाचा करकर आवाज जाऊन कोरड्या पानांसारखी खसखस सुरू झाली. फळीचे दोन तुकडे झाले तेव्हा आत लाकूड नव्हतंच. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पुठ्ठा होता आणि त्यावर दोन्हीकडून पांढरा पापुद्रा. आक्कानं आत डोकावून पाहिलं.

"तुला विकलं त्यानं खोकं," ती म्हणाली. "कपाटाचं सोंग घेतलेलं."

संभाव्यराव डगमगले नाहीत. बाहेरून भारदस्त आणि आतून पुठ्ठा असलेल्या कित्येक संस्थांची पाहणी त्यांनी केली होती. त्यांनी पोकळीत मापाच्या लाकडी पट्ट्या गोंद लावून ठोकल्या, उघड्या कडांवर इस्त्रीनं पांढरी पट्टी डकवली, डोकं नसलेल्या अर्ध्या भागाला डोकं म्हणून उरलेली फळी बसवली. कोपरे घासून गोल केले. गोल केलेल्या कोपऱ्यांवर फोमच्या टोप्या चढवल्या. दोन्ही कपाटं लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला अशी आवळली, की उद्या भूकंपात इमारत गेली तर ढिगाऱ्यातून हीच दोन तेवढी उभी सापडावीत.

मग खोली सजली. जमिनीलगत गादी. टिचकीच्या नजरेला येईल असा आरसा. तिच्या खांद्याइतक्या उंचीवर खुंट्या: एक फ्रॉकसाठी, एक दप्तरासाठी, एक पुसायच्या छोट्या फडक्यासाठी. कपाटावर लाकडी ट्रे, पुस्तकात लिहिलं होतं तसे एकमेकांपासून अंतर ठेवून: ओवायचे मणी, लाकडी कोडं, आणि मधोमध चिनी मातीचा इवलासा जग आणि त्याच्याभोवती कप. पाणी ओतण्याचं काम. प्लॅस्टिकचं चालत नाही. मुलाच्या हातात खरी, फुटणारी वस्तू द्यावी, म्हणजे ते जपायला शिकतं.

फुटणारी. या शब्दापाशी संभाव्यरावांचं वाचन अडखळलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शेवटची पाहणी केली. कपाटाला हलकेच धक्का दिला. कपाट हललं नाही, पण जग बोटभर सरकला. 'संभाव्य,' असं त्यांच्या मनात आलं आणि हात आपोआप दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपकडे गेला. तिच्या वेष्टनावर एका टेपच्या तुकड्याला लोंबकळणाऱ्या हसऱ्या माणसाचं चित्र होतं. त्यांनी ट्रेच्या बुडाला टेप लावली. ट्रे बसला, पण ट्रेवरचा जग? त्यालाही लावली. जग बसला, मग कपांनी काय घोडं मारलं होतं? माणसाचा हात एकदा बसला की थांबत नाही. मण्यांचा डबा, कोडं, ब्रश, रंगांचा खोका, सगळं जागच्या जागी पक्कं झालं. त्यांनी पुन्हा धक्का दिला. काहीही हललं नाही. इतकी सुरक्षित खोली त्यांनी हयातीत पाहिली नव्हती. ते समाधानानं झोपले.

शनिवारी दुपारी मुलीची आई टिचकीला घेऊन आली. तिनं खोलीच्या दारात उभं राहून पाहिलं, मग खाली बसून पाहिलं. कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, जसं ती रोग्यांच्या दाढांवरून फिरवत असावी.

"तू केलंस हे?"

"आक्कानं फळी धरली."

"छान झालंय," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून याआधी कधी निघाले होते, ते संभाव्यरावांना पटकन आठवेना. "मी सातला येते. काय ठरलंय ते लक्षात आहे ना?"

"विचारायचं नाही."

"आणि सुचवायचंही नाही."

ती गेली. टिचकीनं बूट काढून भिंतीशी जोडीनं ठेवले, चटई अंथरली आणि सरळ जगाच्या ट्रेकडे गेली. दोन्ही हातांनी दोन कडा धरल्या, शाळेत शिकवतात तशा, आणि उचलला.

ट्रे उचलला गेला नाही.

तिनं पाय रोवून पुन्हा उचलला. मग मण्यांचा ट्रे. मग कोडं. मग जगाचा कान धरून एकदा ओढून पाहिलं. संभाव्यराव दारात उभे होते.

"बाबा, हे निघत नाही."

"हो, ते जरा..."

"हे दुकान आहे?"

"नाही गं, तुझी खोली आहे."

"मग मला का नाही देत?"

टिचकी रडली नाही, शाळेचं माहितीपत्र तेवढं खरं निघालं. तिनं चटईची नीट गुंडाळी केली, गादीच्या कडेला बसली आणि बूट घालायला लागली. डावा उजव्यात गेला. तिनं तो काढून पुन्हा घातला.

"आई कधी येणार?"

सगळं पाण्यात कधी गेलं हे ओळखण्याचाच संभाव्यराव पगार घेत. सात वाजायला खूप अवकाश होता, मॉल उघडा होता, आणि आइस्क्रीमची बंदी अशा प्रसंगाला लागू होते का, असाही एक पळपुटा विचार येऊन गेला. तो बाजूला सारून ते कपाटापाशी खाली बसले आणि जगाचा ट्रे धरून जोर लावला. ट्रे हलला नाही. कपाटाचा पांढरा पापुद्रा मात्र तळहाताएवढा टरकन निघाला. टेपच्या वेष्टनावरचा माणूस उगीच हसत नव्हता.

त्यांनी सुरीचं पातं घातलं, ते वाकलं. गरम हवेनं टेप सैल होते असं कुठंसं वाचलं होतं, पण केस वाळवायचं यंत्र घरात असण्याचं कारण त्यांच्या डोक्यावरून कधीच निघून गेलं होतं. शेवटी पाकिटातून मुदत संपलेलं एक जाड कार्ड काढून त्यांनी ट्रेखाली सारलं आणि करवतीसारखं मागेपुढे करू लागले. फोमचा एक मळकट लोळ बाहेर आला.

"ते काय आहे?" टिचकीनं बसल्या जागेवरून विचारलं.

"टेप. मी चिकटवलं होतं सगळं."

"का?"

"पडेल म्हणून."

तिनं यावर विचार केला. मग एका पायात बूट, एका पायात नाही, अशी ती जवळ आली.

"मला दे."

"बोटाला लाग..." एवढं बोलून संभाव्यरावांनी तोंड मिटलं आणि कार्ड तिच्या हातात दिलं. स्वतःसाठी दुसरं काढलं. मुदत संपलेल्या कार्डांची त्यांच्याकडे वानवा नव्हती.

पुढे बराच वेळ खोलीत फक्त खरवडण्याचा आवाज होता. टिचकी ओठ आवळून फोम काढी. निघालेला तुकडा बोटांत घोळून त्याची गोळी करी आणि चटईवर ओळीत ठेवी: मोठी, तिच्याहून लहान, तिच्याहून लहान. चटई तिनं परत कधी अंथरली आणि दुसरा बूट कधी निघाला, ते संभाव्यरावांना कळलं नाही. एकदा त्यांनी तिच्या बाजूच्या टेपला मदतीचा हात लावला.

"तू तुझं काम कर," ती मान वर न करता म्हणाली.

त्यांनी आपलं काम केलं.

मणी सुटले. कोडं सुटलं. ट्रे एकदाचा कपाटावरून निघाला, पण जग आणि कप त्याला घट्ट धरून बसले होते. इतक्यात बेल वाजली. "दार उघडंच आहे," संभाव्यराव पडल्या जागेवरून म्हणाले.

मुलीची आई खोलीच्या दारात आली आणि बघतच राहिली. पापुद्रा उडालेलं कपाट, चटईवर मळकट गोळ्यांची रांग आणि तिच्या दोन टोकांना पालथी पडलेली बाप-लेक.

"हे काय चाललंय?"

"मी ट्रे चिकटवले होते," संभाव्यराव उठून बसत म्हणाले.

"कपाटाला?"

"हो. आणि ट्रेला जग."

"आणि कप?"

"तेही."

"कप कशाला?"

"सांडले असते."

त्यांच्या संसाराच्या शेवटच्या वर्षात बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, आणि त्यातलं बरंचसं याच विषयावर होतं. तिनं पर्स उघडली, दात साफ करायच्या दोऱ्याची डबी काढली, हातभर दोरा तोडला, दोन्ही तर्जन्यांना गुंडाळला आणि जगाच्या बुडाशी घातला.

"खाली दाबायचं नाही. नुसतं पुढे-मागे. सावकाश." जग सुटून तिच्या हातात आला. "असं."

"मला दे," टिचकी म्हणाली.

आईनं दोरा दिला. टिचकीनं तो पहिल्या कपाशी लावला.

"चला, उशीर होतोय," मुलीची आई म्हणाली. आवाज तिनं अगदी सपाट ठेवला होता. ठरलं होतं तसा. संभाव्यरावांनी भिंतीतल्या पट्टीचे स्क्रू मोजायला घेतले.

"आज नाही येत," टिचकी म्हणाली. "कप राहिलेत अजून."

"मग इथे झोपशील?" आईनं विचारलं.

"हो," असं तिनं म्हटलं, पण ते कपाला म्हटल्यासारखं. दोरा तुटू नये याकडे तिचं लक्ष होतं.

मुलीची आई खाली गेली आणि एक पिशवी घेऊन वर आली. पिशवीत रात्रीचा फ्रॉक, दात घासायचा ब्रश, पांघरूण आणि एक कान नसलेला कापडी ससा होता. ही पिशवी दुपारपासून गाडीत होती. संभाव्यरावांनी पिशवीकडे पाहिलं, तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"असू द्यावं म्हटलं," ती म्हणाली. "दोऱ्याची डबी ठेवून जातेय. सकाळी दहाला येते."

दार लागलं. शेवटचा कप सुटला तेव्हा टिचकीनं जग दोन्ही हातांनी उचलला, स्वयंपाकघरातून भरून आणला, येताना वाटेत थोडा सांडला, चटईवर बसली आणि ओतायला सुरुवात केली. पहिला कप भरला. दुसराही भरला, आणि भरून वाहू लागला. पाणी ट्रेवरून चटईवर, चटईवरून कपाटाच्या बुडाशी निघालं; नेमकं तिथे, जिथे इस्त्रीनं डकवलेली पट्टी किंचित उचलली होती आणि जिच्याआड पुठ्ठा होता. पुठ्ठा ओल धरणार, फळी फुगणार, पावसाळ्याआधी कपाट एका पायानं अधू होणार. संभाव्यरावांना ते सगळं पुढच्या तारखेच्या अहवालासारखं स्वच्छ दिसलं.

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

टिचकीनं पाण्याकडे पाहिलं. जग खाली ठेवला, उठली, खुंटीपाशी गेली आणि पुसायचं फडकं ओढलं. ते सहज निघालं. फडकं मात्र त्यांनी चिकटवलं नव्हतं. राहून गेलं होतं.