आधी सांगून

टक्.

घोंगडीखालून आवाज आला. सकाळी भरलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या निवत होत्या, एकेक झाकण आत बसत होतं. नेवेनाच्या हातातलं ओलं फडकं हवेतच थांबलं. समोर बसलेल्या लेकीने, इस्क्राने, कान गच्च दाबून घेतले. गुडघा मात्र उघडाच, पडल्यामुळे अंगणातली खडी रुतलेला.

"ते सांगून वाजत नाही," इस्क्रा म्हणाली.

"मी सांगते ना. आता पाणी. कोमट."

वेळ होता, पण थोडाच. घरातली राकिया, फळांची ती कडक दारू, मिरच्या भाजणाऱ्या बायकांनी सकाळीच संपवली, म्हणून सासूबाई जखमेवर ओतायला बाटली आणायला शेजारी गेल्या होत्या, आणि शेजारी कॉफी पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही… जाताना बजावून गेल्या होत्या, मी आले की तू फक्त तिचे पाय धरून ठेव, पोर आहे की काचेचं भांडं? उन्हाळ्यात कोपर खरचटलं तेव्हा नेवेना कामावर होती. सासूबाईंनी एकटीनेच पोरीला मांडीखाली दाबून राकिया ओतली, वर मायेने फुंकरही घातली—आणि ती फुंकरच इस्क्राला दारूपेक्षा जास्त झोंबली, हे त्यांना कोण पटवणार? त्यानंतर कितीतरी दिवस पोरीने केसांना कंगवा लावू दिला नाही. आईलासुद्धा नाही. तिकडे ऑस्ट्रियात, लिंत्सला बांधकामावर असलेला नवरा फोनवर हसला होता, मलाही आईने असंच वाढवलं, मेलो का मी? फोन ठेवून नेवेना ओट्याशी उभी राहिली होती, आता हे कुणाला सांगावं म्हणून नावं आठवत… एकही आठवेना.

"आता फडकं. दाबून." हळुवार स्पर्श इस्क्राला सोसत नाही, अंगावर काहीतरी सरपटतंय असं वाटतं. दाबलेलं चालतं. तिने स्वतःचा तळवा आईच्या हातावर ठेवला आणि दाब दिला, जरा जास्तच. एक खडा निघाला. दुसरा निघाला. कापसाचा बोळा नाही, चिकटपट्टी नाही. विरलेल्या बनियनची पट्टी, तीही तिनेच निवडलेली.

टक्. या वेळी कान झाकले गेले नाहीत.

एकच खडा उरला होता, खोल, तेव्हा फाटकाची कडी वाजली. अंगणात सासूबाईंची पावलं, कुणाला तरी उद्देशून चाललेलं बोलणं… नेवेनाची पाठ सवयीने ताठ झाली. दरवेळी ती उठते, बाजूला होते, जागा करून देते.

ती उठली नाही.

"आई, जरा बाहेरच थांबा," मागे न वळता ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. पावलं थांबली. दारापलीकडून राकियाचा वास येत होता.

"आता शेवटचा," ती म्हणाली. "हा दुखेल."

इस्क्राने मान डोलावली. मग आईच्या हातावर पुन्हा आपला तळवा ठेवून तिने वर बघितलं.

"आई, तुला दुखणार असतं, तेव्हा तुला आधी कोण सांगतं?"